दाराला आतून कडी कशाला?

तिला सगळे टकळी म्हणत. नवरा, गिऱ्हाइकं, समोरचा औषधवाला, सगळेच. बायकांचे केस कापायचं तिचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं, आणि तिथे कात्री जेवढी चाले त्याच्या दुप्पट तिचं तोंड चाले. कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली इथपासून कोंड्यावर काय लावू नये इथपर्यंत विषयाला तोटा नसे. बायका हसत म्हणायच्या, "केस दुसरीकडेही कापून मिळतात गं, पण एवढ्या बातम्या कुठे मिळणार?"

तिच्या माहेरी आता तसं घर उरलं नव्हतं. वडील गेले तेव्हा टकळीचं लग्न झालेलं होतं. धाकटी बहीण बालवाडीत शिकवायची आणि आईजवळ राहायची. वडलांच्या मागे आई खिडकीपाशी बसली ती बसलीच. भाजी चिरायला घेतली तर सुरी हातात तशीच राहायची. मग शेजारच्या कुणीतरी तिला थोरल्यांकडे नेलं.

थोरले म्हणजे शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आश्रम बांधून राहणारे एक गुरू. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. पांढरे कपडे, सावकाश बोलणं, आणि एकदा भेटलेल्या माणसाचं दुखणं वर्षभरानंतरही लक्षात ठेवणारी स्मरणशक्ती. आई तिथून पहिल्यांदा परतली ती चक्क हसत. टकळीनं त्या दिवशी मनातल्या मनात त्या माणसाचे आभार मानले होते. हे तिनं पुढेही कधी नाकारलं नाही.

पुढे आई राहतं घर सोडून आश्रमातच राहायला गेली. "तिला एकटीला कसं सोडू?" म्हणून धाकटी मागोमाग गेली, आणि राहता राहता तिचाही विश्वास बसला. बालवाडी सुटली. ती तिथलं धुलाईघर सांभाळू लागली. शिबिरांना येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे. आधी तिचा दर रविवारी फोन यायचा. मग आईच फोन करू लागली. धाकटीबद्दल विचारलं की म्हणायची, "ती साधनेत आहे. तिला हाक मारायची नाही."

टकळीला हे खटकत होतं, पण संसार, दुकान, पोरांच्या शाळा. राहून जात होतं.

एक दिवस एक जुनं गिऱ्हाईक केस रंगवायला आलं. ती बाई नुकतीच थोरल्यांच्या शिबिराला जाऊन आली होती. टकळीनं डोक्याला रंग लावायला घेतला तशी बाई सांगू लागली, "जागा सुंदर आहे गं. झाडं, शांतता, सगळं अगदी स्वच्छ. पण तिथे एक बाई पाहिली, ती काही डोळ्यांसमोरून जात नाही."

"का? काय झालं?"

"तिच्याशी कुणी बोलतच नाही. भिंतीकडे तोंड करून एकटी जेवते. मी नुसतं हसले तिच्याकडे बघून, तर मलाच बाजूला घेऊन समज दिली. म्हणे भर सभेत तिनं काहीतरी वेडंवाकडं विचारलं. थोरले म्हणाले, हिच्या शब्दांना विष चढलंय, ते उतरेपर्यंत कुणी हिच्याशी बोलू नका. तेव्हापासून सगळ्यांचा अबोला. आणि ऐकशील? तिची सख्खी आई तिथेच असते. तीसुद्धा बोलत नाही."

"आई?"

"हो ना! आणि केस काय सुंदर गं तिचे. डाव्या कानामागे तेवढी एकच पांढरी बट. मनात आलं, हिला तुझ्याकडे पाठवावं."

टकळीचा ब्रश थांबला. ती बट धाकटीला जन्मापासून होती. लहानपणी शाळेत मुलं चिडवायची म्हणून टकळीच तिची वेणी अशी घालायची की बट आत दडावी.

गिऱ्हाइकानं आरशात वर पाहिलं. या दुकानात एवढी शांतता तिनं कधी अनुभवली नव्हती.

रविवारी आश्रम सगळ्यांना खुला असे. टकळीनं दुकानाला कुलूप घातलं. नवरा म्हणाला, "मी येऊ का सोबत?"

"तू येऊन काय करणार? तुला मी घरात बोलू देत नाही, तिथे काय बोलशील?" ती म्हणाली खरी, पण चपला तिनं उलट्या पायांत घातल्या. नवऱ्यानं ते पाहिलं आणि गुपचूप तिच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

ती पोहोचली तेव्हा दुपारची पंगत बसलेली होती. लांब दालन, लांब टेबलं, हळू आवाजातल्या गप्पा. आणि टोकाला, भिंतीला चिकटवलेल्या एका छोट्या टेबलाशी, पाठमोरी धाकटी. खांदे आत ओढलेले. जणू कमीत कमी जागा व्यापायची असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

टकळीनं ताट वाढून घेतलं, एक खुर्ची फरफटत नेली आणि भिंत आणि टेबल यांच्या बेचक्यात घुसवून तिच्यासमोर बसली.

धाकटीनं वर पाहिलं. चेहऱ्यावर आनंद आला आणि त्याच क्षणी भीतीनं तो पुसला. तिनं जोरजोरात मान हलवली. बोलू नकोस.

"बरं," टकळी म्हणाली, "तू नको बोलूस. मी बोलते. मला काय, सवय आहे. तर ऐक, तुझ्या भाच्याचे पुढचे दोन दात पडलेत आणि तो शिट्टी वाजवायला शिकलाय. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी कुत्रा आणलाय, तो आजोबांनाच ओळखत नाही, रोज जिन्यात त्यांच्यावर भुंकतो. आणि तुझ्या त्या मैत्रिणीनं, ती नकटी गं, तिनं परत लग्न केलं. त्याच माणसाशी! मी म्हटलं, बाई, पहिल्यांदा काय राहून गेलं होतं?"

शेजारच्या टेबलांवरच्या गप्पा बंद पडल्या. टकळी चांगल्या खणखणीत आवाजात बोलत होती. धाकटीचा खालचा ओठ थरथरू लागला. ती हसू दाबत होती की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात आई आली. वाळली होती, पण ताठ होती. टकळीच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आलीस ते बरं केलंस. पण तिच्याशी बोलू नकोस. त्यातच तिचं भलं आहे."

"आई, ती इथे बसलीय. तिलाच सांग की."

आईची नजर धाकटीवरून अशी सरकली, जणू तिथे रिकामी खुर्ची असावी. "चल, माझ्या खोलीत बसू," ती टकळीला म्हणाली.

"मी हिच्याबरोबर जेवतेय," टकळी म्हणाली. "तुला बसायचं असेल तर इथे जागा आहे."

आई निघून गेली.

जेवण झाल्यावर धाकटी खाली मान घालून धुलाईघराकडे चालू लागली आणि टकळी तिच्या मागोमाग, बोलतच. मोठाली यंत्रं घरघरत होती. ओल्या कपड्यांचा आणि साबणाचा उबट वास होता. दोघींनी चादरीची चार टोकं धरली, झटकली, घडी घातली. लहानपणी गच्चीवर घालायच्या तशीच. दुसरी चादर उचलताना यंत्राच्या आवाजाआड धाकटी बोलली. तिचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला.

"ताई, तू जा. तुलाही वाळीत टाकतील."

"मला? मी कुठे यांच्या गोतावळ्यात आहे वाळीत पडायला? तू काय विचारलंस ते सांग आधी."

धाकटीनं दाराकडे पाहिलं आणि भराभर सांगून टाकलं. थोरले काही मुलींना 'एकांता'ला बोलावतात. खास मार्गदर्शन म्हणे. टॉवेल ठेवायला ती त्या एकांताच्या खोलीबाहेरच्या बोळात गेली होती. खोलीची आतली कडी सरकल्याचा आवाज आला आणि एक मुलगी बाहेर पडली. वीसही वर्षांची नसेल. कुडत्याची बटणं वरखाली लागलेली. धाकटीनं तिचा हात धरला तर तिनं चटका बसल्यासारखा काढून घेतला आणि पळाली. मग पुढच्या प्रश्नोत्तरांच्या सभेत धाकटीनं उभं राहून एवढंच विचारलं होतं: एकांताच्या खोलीला आतून कडी कशाला?

"एवढंच?"

"एवढंच. मला वाटलं, त्यांच्याकडे उत्तर असेल, ताई. शपथेवर सांगते, मला वाटलं, ते काहीतरी सांगतील आणि माझ्या मनातलं जाईल." तिनं घडी केलेली चादर पुन्हा उलगडली. "आता कधीकधी वाटतं, माझ्याच मनात घाण असेल. इतकी माणसं खोटी कशी असतील?"

"त्या वेळी बोळात दुसरं कुणी होतं?"

धाकटीनं उलगडलेल्या चादरीची दोन टोकं टकळीच्या हातात दिली. "आई," ती म्हणाली. "एकांत चालू असताना बाहेर स्टुलावर बसायचं, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही, ही तिची सेवा आहे."

टकळीच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

तेवढ्यात दारात कार्यवाहबाई उभ्या राहिल्या. आश्रमाचा कारभार त्या बघत. आधी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही चष्म्याच्या वरून बघत. "ताई, आपण नियम मोडताय. कृपा करून निघावं."

"निघते. हिला घेऊन निघते."

"त्या स्वतःच्या इच्छेनं इथे आहेत."

"मग त्यांना विचारा की. अरे हो, विसरलेच. तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही ना!"

कार्यवाहबाईंचे कान लाल झाले. "थोरल्यांनीच आपल्याला सभेत बोलावलंय," त्या म्हणाल्या. "दोघींना."

सभागृह गच्च भरलेलं होतं. पुढे बैठकीवर थोरले. टकळीनं त्यांना पहिल्यांदाच जवळून पाहिलं. सत्तरीचा, देखणा, शांत माणूस. त्यांनी तिला समोर बसायची खूण केली. ती उभीच राहिली. धाकटी तिच्या मागे अर्धं पाऊल.

"किती बोलतेस गं पोरी," ते मायेनं म्हणाले. "लहानपणापासून. वडील आजारी असतानाही त्यांच्या उशाशी बसून तू बोलतच राहिलीस. का, ते सांगू? थांबलीस तर त्यांचा श्वास ऐकू येईल, याची तुला भीती होती."

सभागृहातून एक हळवा उसासा उठला. ते खरं होतं. अगदी खरं. क्षणभर टकळीला वाटलं की खाली बसावं, रडावं, या माणसाच्या पायाशी सगळं ओझं टाकून मोकळं व्हावं. आई इथे का राहिली हे तिला त्या एका क्षणात कळलं.

आणि मग दुसरंही कळलं. वडलांच्या उशाशी तेव्हा दोघीच होत्या, ती आणि आई.

"हे तुम्हाला आईनं सांगितलं," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण थांबला नाही. "तिनं विश्वासानं सांगितलं आणि तुम्ही ते आज माझ्यावर चालवलंत. माझ्याही खुर्चीत बायका बसतात हो. डोकं माझ्या हातात देऊन काय काय सांगतात. ते मी दुसऱ्या दिवशी कात्रीसारखं कुणाच्या गळ्यावर धरत नाही. आता माझ्या बहिणीनं विचारलं होतं त्याचं सांगा. दाराला आतून कडी कशाला?"

थोरले हसले. "काही उत्तरं मिळायला पात्रता लागते."

"कडी होती की नव्हती, हे कळायला कसली पात्रता? मी काय मोक्ष मागतेय का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. थोरल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. ते सभेला म्हणाले, "हिलाही तेच विष चढलंय. आजपासून हिच्याशीही कुणी बोलणार नाही."

"माझ्याशी अबोला?" टकळी म्हणाली. "अहो, माझा नवरा लग्न झाल्यापासून प्रयत्न करतोय. त्याला जमलं नाही, तुम्हाला काय जमणार?"

या वेळी हसू कुणाला आवरलं नाही. दहावीस जण हसले. त्या सभागृहात थोरल्यांच्या परवानगीशिवाय कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण हसणारेच दचकले. दोन धट्टेकट्टे सेवक पुढे सरकले. एकानं टकळीचा दंड धरला.

"सोड तिला!"

धाकटी पुढे आली होती. एवढ्या दिवसांनी तिचा आवाज त्या सभागृहात घुमला. चिरका होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

"ताई, तू गप्प बस. मला बोलू दे." मग ती लोकांकडे वळली. थोरल्यांकडे तिनं पाठ केली. "मी इथल्या चादरी धुते. तुम्ही सगळे मला ओळखता. माझ्या हाताखालून गेलेल्या टॉवेलनं तुम्ही तोंड पुसता, पण माझ्याशी बोलत नाही. मी काय पाहिलं ते सांगते." आणि तिनं सांगितलं. कडीचा आवाज, बटणं, झटकलेला हात. "ती कोण हे मी सांगणार नाही. ते तिचं आहे. तिला सांगायचं तेव्हा ती सांगेल. पण मी खोटं बोलत असेन तर यांनी तसं म्हणावं. कडी नव्हती म्हणावं. विष नको, पात्रता नको. हो की नाही, एवढंच."

थोरल्यांनी डोळे मिटून घेतले. ते ध्यान लावत तेव्हा लोक नेहमी स्वतःहून शांत होत. आज ती शांतता वेगळी होती. लोक वाट बघत होते.

टकळीनं गर्दीत आईला शोधलं. ती उजवीकडे खांबाला टेकून बसली होती.

"आई, तू बाहेर बसायचीस. तू सांग."

"माझे डोळे मिटलेले असतात," आई म्हणाली.

"आणि कान?"

पदराचं टोक मुठीत धरून आई खाली बघत राहिली. धाकटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आई, आम्ही निघालोय. चल." आईनं पुन्हा नजर तिच्यावरून सरकवायचा प्रयत्न केला, पण या वेळी ती सरकली नाही, तिथेच अडकली. तरीही ती उठली नाही.

दोघी बहिणी मधल्या वाटेनं बाहेर निघाल्या. कुणी अडवलं नाही. फाटकाशी कार्यवाहबाई धावत आल्या. आता रागवणार असं वाटलं, पण त्यांनी धाकटीच्या हातात तिची बॅग दिली. "तुमचे कपडे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत राहिल्या. "कडी... मला वाटायचं, ध्यानात व्यत्यय नको म्हणून असेल," त्या म्हणाल्या. टकळीनं धाकटीच्या हातातली बॅग आपल्या खांद्याला लावली. एवढ्या शिकल्यासवरल्या बाईचं काय करायचं, ते तिला कळेना.

त्याच संध्याकाळी दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, "मुलगी स्वतः आली नाही तर हात बांधलेले आहेत आमचे." पुढचे काही आठवडे वाईट गेले. दुकानाच्या काचेवर कुणीतरी डांबर फासलं. चार गिऱ्हाइकांनी येणं सोडलं. थोरल्यांच्या माणसांनी सगळीकडे पसरवलं की धाकटी डोक्यानं अधू आहे. धाकटी काचेवरचं डांबर पत्र्यानं खरवडताना म्हणाली, "अधू होते, म्हणून तर तिथे इतकी वर्षं राहिले."

मग ती मुलगी आली. आत्याला घेऊन, स्वतःच्या पायांनी. सभेत ती मागच्या रांगेत बसलेली होती. "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत," ती धाकटीला म्हणाली. "म्हणून आले." तिच्यानंतर आणखी एक आली. ती आता चाळिशीची होती आणि तिची गोष्ट फार जुनी होती.

खटला उभा राहिला. आश्रम अजून चालू आहे. निम्मी माणसं पांगली. उरलेली अधिकच घट्ट झाली. थोरले जामिनावर आहेत आणि त्यांचे वकील महागडे आहेत. निकाल काय लागेल हे कुणी सांगू शकत नाही.

पण आईची साक्ष झाली. तिला थोरल्यांच्याच बाजूनं बोलावलं होतं. त्यांच्या वकिलानं विचारलं, तुम्ही बाहेर बसायचात, कधी काही वावगं पाहिलंत का? आई म्हणाली, "पाहिलं नाही." वकील समाधानानं खाली बसू लागला. तेवढ्यात आई पुढे बोलली, "ऐकू यायचं. मुली रडायच्या. मी मनात मोठ्यानं जप करायचे, म्हणजे ऐकू येऊ नये." न्यायाधीशांनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि तिनं तेच, त्याच शब्दांत पुन्हा सांगितलं.

ती आश्रमात परत गेली नाही. मुलींकडेही लगेच आली नाही. एक खोली भाड्यानं घेऊन राहिली. धाकटी तिला भेटायला जाते, दोघी फारसं बोलत नाहीत, कपडे वाळत घालतात, चहा पितात. धाकटीला पुन्हा बालवाडीत नोकरी लागली आहे. मुलं तिला भंडावून सोडतात. हे का, ते का, असंच का. एकाही प्रश्नाला ती "गप्प बस" म्हणत नाही.

टकळी मात्र बरेच दिवस आईकडे गेली नव्हती. शेवटी एका सकाळी गेली. दार उघडून आई म्हणाली, "मला वाटलं, तूही आता अबोला धरशील. धरलास तरी चूक नाही तुझी."

"छे!" टकळी आत येत म्हणाली. "तो धंदा तुमचा. मी भांडायला आलेय. आज पुरं होणार नाही, उद्याही येईन." तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसली. "त्या मुलींच्या जागी मी असते, तरी जप केला असतास का?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. टकळीनं ते पाहिलं. पण तिनं प्रश्न मागे घेतला नाही. ती वाट बघत बसली.